सरळ ओरखडा

प्रल्हाद रामटेके साहेबांबद्दल लिहा, असं मला तिघाचौघांनी सांगून झालं. दर वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. ते खोटं होतं. माझी नजर अजून धड आहे. धड नव्हती ती जीभ. पण आता वयाची अठ्ठ्याहत्तरी आली, आणि खोटं बोलायलाही दम लागतो.

साहेबांची पहिली आठवण म्हणजे त्यांचा चष्मा. चंद्रपूरच्या हवेत कोळशाची धूळ, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्यांचेच चष्मे काळपट व्हायचे. आम्ही सदऱ्याच्या टोकानं पुसून मोकळे. साहेब मात्र नळाखाली चष्मा धरायचे, झटकायचे आणि वाळेपर्यंत आंधळ्यासारखे उभे राहायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "काच पुसाची नसते गा, धुवाची असते. धुळीत कण असते. तुमी पुसता म्हंजे कणानं काच खरडता."

शहराबाहेर तेव्हा आमचा छोटा कारखाना होता. खाणींत आणि जंगलखात्यात जमीन मोजायला लागतात त्या दुर्बिणींची भिंगं तिथं बनत. आता त्या जागी मंगल कार्यालय आहे. साहेब भिंगांचे इंजिनिअर आणि मी इन्स्पेक्टर, म्हणजे भिंगावरचे ओरखडे शोधणारा माणूस. माझ्या शिक्क्याशिवाय एक काच बाहेर जात नसे आणि याचा मला जो तोरा होता, तो त्या शिक्क्यापेक्षा बराच मोठा होता. घरी बायकोनं वाढलेलं ताटसुद्धा मी उजेडात तिरकं धरून बघायचो. एकदा त्यात वरण होतं.

साहेबांचा जीव आकाशात. आरमोरीकडच्या त्यांच्या गावात लहानपणी धानाच्या बांधीवर झोपून त्यांनी तारे ओळखायला शिकून घेतलं होतं. गावातल्या लोकांना शनीची कडी दाखवायची, एवढंच त्यांचं स्वप्न. त्यासाठी त्यांनी दुर्बिणीचा आठ इंची आरसा स्वतः घासायला घेतला. क्वार्टरच्या मागच्या ओसरीत पाण्यानं भरलेला ड्रम, त्यावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी. मध्ये पूड आणि पाणी घालून घासत घासत साहेब ड्रमभोवती फिरायचे. रोज ड्युटीनंतर, अकरा महिने. शेजारीपाजारी बघायला यायचे. साहेब म्हणायचे, "देवाले कधी फेऱ्या नाई मारल्या भाऊ, आता काचेले मारून राह्यलो."

त्यांच्या पत्नी सुमनबाई चहा आणून दारातच थांबायच्या. "हात धुतले काय?" असं साहेबांनी विचारायच्या आत त्या ओले हात दाखवायच्या. त्या आरशाचा त्यांना साहेबांपेक्षा जास्त अभिमान होता.

आरसा तयार झाला तेव्हा साहेब मला म्हणाले, "गोविंदभाऊ, रविवारी सकाळी या. तुमचा शिक्का पाहिजे."

मी नवा सदरा घालून, मिशीला तेल लावून गेलो. साहेब आंघोळीला गेले होते. सुमनबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होत्या. ओसरीत स्टुलावर, पालथ्या पातेल्याखाली आरसा होता. मी पातेलं उचललं. आरसा आतून खोलगट, त्यामुळे जवळून पाहिलं की तोंड मोठं दिसतं. काचेवर अजून चांदीसारखा मुलामा चढलेला नव्हता, तरी माझी मिशी त्यात अंधूकशी, पण दुप्पट दिसली. इतकी देखणी मिशी मी जन्मात पाहिली नव्हती. फक्त तिच्यावर धुळीचा पातळ थर होता.

मी खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. उजवीकडून डावीकडे, दोनदा.

हजारो भिंगं हाताखालून घातलेल्या माणसानं हे केलं. कारखान्यात असतो तर केलं नसतं. पण मिशी रविवारची होती.

साहेब आले. त्यांनी आरसा खिडकीकडे तिरका धरला आणि फिरवून पुन्हा धरला. मग म्हणाले, "भाऊ, तुमी पाहा बरं. माह्या डोळ्याले काही दिसून राह्यलं."

मी गंभीर चेहऱ्यानं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मीच पाडलेले ओरखडे मी तपासले. बारीक होते, पण होते. आणि माझ्या तोंडून अधिकारवाणी निघाली, "पॉलिशमध्ये कण आला असेल साहेब. बाई तिकडे पाखडतात ना, तिथूनच उडाला असेल."

सुमनबाई सूप हातात घेऊन दारात आल्या. "माह्यामुळं झालं काय जी?"

"नाई," साहेब म्हणाले. पण बाई माझ्याकडे बघत होत्या. मी ओरखडे बघत होतो.

त्या दिवसापासून त्यांनी त्या घरात सूप धरलं नाही. धान्य निवडायला चार घरं सोडून शेजारणीकडे जायच्या. साहेबांनी आरसा पुन्हा घासला नाही, तसाच मुलामा चढवून घेतला. दुर्बीण झाली, चांगली झाली. निवृत्तीनंतर दोघं ती घेऊन गावी गेले. त्यांच्या निरोप समारंभात मी प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोललो. टाळ्याही पडल्या.

नंतर मी तीन पत्रं लिहिली. पहिलं फाडलं. दुसऱ्याच्या वरती सवयीनं 'विषय : ओरखड्याबाबत' असं लिहिलं गेलं, तेही फाडलं. तिसऱ्यात फक्त तब्येतीची चौकशी उरली, ते पोस्टात टाकलं.

शेवटी मूल, गडचिरोली अशी गावं करत एसटीनं त्यांच्या गावी गेलो. दिवस मावळत होता, आभाळात अर्धा चंद्र होता. अंगणात दुर्बीण, समोर रांग, आणि साहेब प्रत्येकाला विचारताहेत, "हात धुतले काय?" एक म्हातारी म्हणाली, "डोयानं पाहाचं हाय न रे बापू, हात काऊन धुवू?" तरी तिनं धुतले. माझा नंबर आला. चंद्रावरचे खड्डे हाताला लागतील इतके स्वच्छ दिसत होते.

"ओरखड्यानं काही बिघडत नाई," साहेब शेजारी उभं राहून हळूच म्हणाले. "उजेड जरासा फाकते, बस." मग म्हणाले, "पॉलिशमधला कण फिरते, भाऊ. त्याचा ओरखडा वाकडा असते. हे सरळ आहेत."

मी दुर्बिणीतून डोळा काढलाच नाही.

"बाईले मी लय खेपा सांगतलं, तुह्या तांदळानं नाई झालं म्हणून. ते मानत नाई. म्हणते, मले बरं वाटावं म्हणून सांगता. गोविंदभाऊ इन्स्पेक्टर आहेत, ते खोटं काऊन सांगतीन?" साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी सांगान तर मानन. माह्यासाठी नाई, तिच्यासाठी."

"चंद्र फार छान दिसतोय साहेब," मी म्हणालो.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुढच्या माणसाला म्हणाले, "या, हात धुतले काय?"

जेवताना सुमनबाई समोर बसून वाढत होत्या. मी तोंड उघडलं. तीनदा उघडलं. तिन्ही वेळा भाजीची तारीफ बाहेर पडली. निघताना त्यांनी तांदळाची पिशवी हातात दिली. म्हणाल्या, "नीट पाखडलेत भाऊ, शेजारी जाऊन. खडा नाई सापडनार."

साहेब गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात. पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "माह्या हातानं त्याइचा आरसा खराब झाला, पण मरेपर्यंत एका शब्दानं बोलले नाईत." भोवती पाहुणे होते. नंतर सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. या उन्हाळ्यात त्याही गेल्या. आता भोवती कुणी नाही. म्हणून सांगतो.

सुमनबाई, तो कण तुमच्या सुपातला नव्हता. साहेब खरं सांगत होते. तुमचे हात धुतलेले होते. रुमाल माझा होता. मला माफ करा.