चष्मेवाले भाषा शिकतात

चौकातल्या चष्मेवाल्यांची पंचवीस वर्षं लोकांची नजर तपासण्यात गेली. तरुणपणी परदेशातल्या एका भिंगांच्या कारखान्याने त्यांना बोलावलं होतं. पण तिथली भाषा येत नव्हती, म्हणून हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. अशा वेळी साधा माणूस ती भाषा शिकतो. चष्मेवाल्यांनी त्याहून सोपा मार्ग काढला. त्यांनी मुलगी मोठी होण्याची वाट पाहिली.

ती चौदाची झाली आणि फ्रिजपासून चपलांच्या कपाटापर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर परक्या नावाची चिठ्ठी चिकटली. शिकवणी लागली. शिवाय रोज सकाळी चहाबरोबर घरची परीक्षा. मुलगी उभी राहून पाच मिनिटं बोलायची, हे डोळे मिटून ऐकायचे आणि उच्चार सुधारतोय असा निकाल द्यायचे. स्वतःला एक शब्द कळत नसताना निकाल द्यायला छाती लागते, आणि ती त्यांच्याकडे भरपूर होती. पोरगीही बापाचीच. इथे काहीही खपतं हे तिने तिसऱ्या आठवड्यातच ओळखलं. मग ती तोंडाला येईल ते बडबडू लागली आणि उच्चार सुधारतच राहिला.

सहा महिन्यांनी शिकवणीच्या बाई चष्मा न्यायला दुकानात आल्या आणि सहज म्हणाल्या, की मुलगी अजून पहिल्याच धड्यावर अडली आहे. चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. घरी जाऊन आरडाओरडा करावा, तर आपलंच पितळ उघडं पडणार. म्हणून पोरीला रंगेहाथ पकडायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी स्वतःच एक पुस्तक आणून काउंटरखाली दडवलं. गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचायचं, तेव्हा हे मनात क्रियापदं घोकायचे. तयारी पुरी होईपर्यंत सकाळची परीक्षा त्यांनी बंद ठेवली.

आणि झालं भलतंच. कुणी विचारेनासं झाल्यावर मुलगी आपणहून अभ्यासाला बसू लागली. त्या भाषेतल्या गोष्टी वाचून एकटीच हसू लागली. वर्षभरात बाई तिचं तोंडभरून कौतुक करायला लागल्या. याचं श्रेय चष्मेवाल्यांनी कुणाला दिलं असेल? स्वतःच्या शिस्तीला.

मग एका रविवारी बाई अर्ज घेऊन घरी आल्या. तिकडच्या शाळेत दोन वर्षांसाठी एक जागा होती आणि निर्णय आजच सांगायचा होता. चष्मेवाले पेन उघडून तयारच होते. बाईंनी मुलीला त्याच भाषेत विचारलं, की तुला खरंच जायचंय का? आईबाबांना यातलं ओ की ठो कळत नाही या भरवशावर मुलगीही त्याच भाषेत मोकळेपणाने बोलली.

"भाषा मला आवडते, पण जायचं नाहीये. जायचं बाबांना होतं. त्यांना इतक्यात सांगू नका, ते खचतील."

चष्मेवाल्यांना शब्द न् शब्द कळला. आपण एवढं चांगलं शिकायला नको होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बायकोने विचारलं, काय म्हणतेय ही? बाई चाचरल्या. चष्मेवाल्यांनी पेनाला टोपण लावलं.

"भाषा आवडते म्हणतेय, पण जायचं नाहीये तिला," ते बायकोला म्हणाले. "जायचं मला होतं, असं म्हणाली. खरंय ते."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. भाषांतर अगदी चोख झालं होतं. शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी स्वतःपाशी ठेवलं.