वहिनींना चुकवलेलं तबक

शनिवारची दुपार. वीज गेलीय, पंखा रेंगाळत थांबतोय आणि माझे डोळे मिटताहेत. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस वाटायचा विधी. तबक फिरवायला पाळकसाहेबांनी पुन्हा मलाच सांगितलंय, आणि मला ते नकोय.

का ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या मुलीनं, सुवार्तानं, आमच्या चर्चच्या मंडळीबाहेरच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मी मंडळीचा पंच, त्यात तापट. डोकंच फिरलं! सगळा दोष मी तिच्या आईला दिला. त्या रविवारी द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक घेऊन मी बाकाशी आलो, तिच्या आईनं, हन्नावहिनींनी, हात पुढे केला, आणि मी तो ओलांडून तबक दादापुढे धरलं. दादानं उचललेला प्याला परत ठेवला. मरेपर्यंत पुन्हा घेतला नाही. वहिनी अजूनही दर रविवारी येतात, पण प्रभुभोजनाच्या मेजेवरचं पांढरं कापड उचललं की उठून जातात. आमच्या दोन घरांत एकच भिंत, पण बोलणं नाही.

पंखा थांबतो. मी तबक घेऊन चर्चमध्ये उभा आहे. बाकावर दादा एकटाच, ज्या कोटात त्याला पुरला त्याच कोटात.

"काय रे अमोस, वाढतोयस ना?"

"घे, दादा."

"तिला दिलंस?"

"दादा, मंडळीचे काही नियम—"

"मला नको शिकवू. पंगतीत वाढणारा यजमान कधीपासून झाला रे? जेवायला कुणी बोलावलं होतं, तू की प्रभूनं?"

तबक जड होतंय. प्याले काठोकाठ भरलेत. बाक आता आमच्या विहिरीचा काठ आहे आणि दादा आत पाय सोडून बसलाय.

"मागे सरक, पडशील!"

"मेलेला कुठं पडतो, येड्या? तू सांभाळ. दगा देणाऱ्या यहूदालासुद्धा प्रभूनं भाकर दिली. आणि माझ्या हन्नेला तू प्याला दिला नाहीस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तबक पुढे करतो, तर दादा हात मागे घेतो.

"तिच्यानंतर," म्हणतो.

विहिरीपलीकडे वहिनींची पाठ दिसते. त्या चालल्यात.

"वहिनी! थांबा! घ्या वहिनी, घ्या!" मी घसा फाटेस्तोवर ओरडतो. तबक हातातून सुटतं.

डोळे उघडतात. घसा खरखरतोय. दारात हन्नावहिनी उभ्या आहेत. धुणं टाकून धावत आल्यात, कोपरापर्यंत साबणाचा फेस, तो उंबऱ्यावर टपटपतोय.

"हाक मारलीत, भाऊजी?" त्यांना धाप लागलीय. "बरं नाही का?"

"मारली." मी कसाबसा उठतो. "आत या. तुमचा प्याला मी अडवला, वहिनी. माझं चुकलं. उद्या उठून जाऊ नका."

वहिनी पदराला हात पुसतात.

"सुवार्तालाही हे सांगावं लागेल तुम्हाला."

"सांगेन," मी म्हणतो, पुढे होतो, आणि उंबऱ्यावरच्या फेसात माझा पाय पडतो. तो खरंच ओला लागतो.