कमलबाईंची जीपभर माणसं घर बघायला जातात

सेनगावच्या कमलबाई अंगणवाडीच्या बाई. खोलीभर लेकरं एका आवाजात गप्प करणाऱ्या! सारा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, अन् आता हिंगोलीतलं एक घर मनात भरलं होतं. मोबाइलवर आलेल्या फोटोतच जीव अडकला होता त्यांचा. मालकीण निलमताई नांदेडला लेकाकडं राहायला निघाल्या होत्या, म्हणून घर विकायला काढलं होतं. रविवारी सकाळी ते सगळ्यांना बघायला उघडं ठेवणार होत्या.

आता आपल्याकडं घर बघायला एकटं कोण जातं हो? पोरगी बघायला जावं तशी जीप भरली. नवरा भीमराज, सासू, नणंदा, मामा, वर "मी नुसता बसून येतो" म्हणणारे दोन शेजारी. वाटेत कमलबाईंनी सगळ्यांची शाळा घेतली.

"चपला बाहेर, ओळीनं. पलंगावर बसायचं न्हाई, कपाट उघडायचं न्हाई, नळ सोडायचा न्हाई. अन् लोकाच्या घराला नावं ठेवाल तर माझ्याशी गाठ हाय! हाताची घडी, तोंडावर बोट!"

"मग आमी चाललो काहून?" मामांनी विचारलं.

"डोळ्यांनी बघायला!"

अन् काय सांगू, मंडळी अशी शहाण्यासारखी वागली की विचारू नका! सगळी हाताची घडी घालून भिंतीलगत उभी. चहा आला, तर "नको, नको." निलमताईंनी स्वतः कपाट उघडून दाखवलं, तर नणंदांनी माना फिरवल्या. मामांना शिंक आली, तर ते पळत फाटकाबाहेर जाऊन शिंकून आले. हसू दाबून दाबून भीमराजचे डोळे पाण्यानं भरले.

तेवढ्यात धर्मसिंग नावाचं दुसरं गिऱ्हाईक आलं. भिंती ठोकून राहिला, नळ सोडून राहिला, "खिडकी इथं काहून काढली?" म्हणून वाद घालून राहिला. निलमताईंचा चेहरा खुलला.

"यांना घ्यायचंय बराबर," त्या कमलबाईंच्या कानात म्हणाल्या. "तुमच्या लोकांना काही घर आवडलेलं दिसत न्हाई. घोटभर चहासुद्धा घेईनात."

रीत सांभाळता सांभाळता घरच हातचं चाललं की!

"आवडलं न्हाई?" त्या ओरडल्याच. "अवो ताई, फोटो बघितल्यापासून झोप न्हाई मला! लोकाच्या घरात हात लावू नये म्हणून गप बसलो आमी. जन्म लोकाच्याच घरात काढला. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारून!" अन् मागं वळून, "सोडा रे घडी!"

झालं! नणंदा कपाटात शिरल्या, मामांनी तीनही नळ सोडले, सासूबाई पलंगावर पाय पसरून बसल्या. "मोरी केवढीशी हाय!" असं एक शेजारी बोंबलला. दुसऱ्यानं गडबडीत धर्मसिंगच्या हातातला चहा घेऊन पिऊन टाकला. बिचारा धर्मसिंगही पोट धरून हसायला लागला.

निलमताई हसत हसत आत गेल्या, त्या हातोडी अन् खिळा घेऊनच बाहेर आल्या. "धर्मसिंगभाऊ, राग मानू नका. घर यांना दिलं. कमलबाई, ठोका कुठं पाहिजे तिथं. कुणाला विचारायचं न्हाई."

कमलबाईंनी हातोडी घेतली. भिंतीवर खिळा टेकवला. हात थांबला.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "इथं ठोकू का?"