दादा आणि माझे उंदीर

फोन आला तेव्हा माझ्या हातात उंदीर होता. गावाहून, मेडशीहून, शेजारचे काका बोलत होते. "बाई, गजू गेला... मळ्यातल्या खोलीत," एवढंच म्हणाले. मी उंदीर पिंजऱ्यात ठेवला, दार लावलं, वहीत वेळ लिहिली आणि मगच खाली बसले. सवय, दुसरं काय.

गजानन माझा थोरला भाऊ. नागपूरच्या प्रयोगशाळेत मी उंदरांवर अभ्यास करते, व्यसन मेंदूत कसं घर करतं याचा. दादा त्याची भारी थट्टा करायचा. "आपल्या मळ्यात फुकट उंदरं हायेत, अन् हे तिकडं त्याईले नशा पाजून राह्यली," असं प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि सांगताना छाती फुगलेली असायची. मग शेलूबाजारच्या रस्त्यावर त्याची भाजीची गाडी उलटली, पाठ दुखावली, आणि दुखण्याच्या गोळ्यांनी त्याला धरलं. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. मळ्यातल्या खोलीत बाजेवर पडून तो त्या घ्यायचा.

चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. आणायला मीच गेले. चेहरा उजळला होता. गाडीत बसताना हळूच म्हणाला, "मले तुह्याकडं ने. घरी नको."

"आधी घरी जाऊ. आई वाट पाहून राह्यली."

आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. परतलेल्या माणसाला परकं वाटू नये, त्याचं सगळं जसंच्या तसं त्याच्या हवाली करावं, ही आमच्याकडची माया. मळ्यातली खोली मीच झाडली. बाज त्याच खिडकीशी लावली, तांब्या त्याच कोनाड्यात ठेवला... आणि मला, निदान मला तरी, ठाऊक होतं. दांडी दाबली की दिवा लागतो आणि औषध मिळतं, हे शिकलेला उंदीर पुढे कितीही दिवस औषधाविना राहू दे. त्याच पिंजऱ्यात परत ठेवून तोच दिवा लावला, की पुन्हा दांडी दाबत सुटतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, लोकांसमोर उभं राहून सांगितलंय. दादा नवव्या दिवशी गेला. गोळ्या पूर्वीइतक्याच घेतल्या. चार महिन्यांत सवय मोडलेल्या शरीराला त्या झेपल्या नाहीत.

काम चालूच आहे. ते कुणाच्या उपयोगी पडेल, असं आता वाटत नाही.

तेरवीनंतर आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "तू तं हेच शिकली न वं. असं होईन, हे तुले मालूम होतं काय?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग कोनालेच मालूम नसन," ती म्हणाली, आणि निवडत राहिली.