नानांचा मुका प्रीॲम्प

मुक्या यंत्रापुढे रोज संध्याकाळी तासभर मांडी घालून बसणारा माणूस खानदेशात एकच झाला असेल, आणि ते माझे धाकटे काका, नाना. माझ्या लहानपणी आमच्याकडे साधा रेडिओ नव्हता. वडील आणि नाना शिंदखेड्याच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढायचे. बातम्या ऐकायच्या तर न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभं राहावं लागे. पुढे घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, म्हणून गाणी ऐकायच्या परदेशी यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रकं नानांना वाचून दाखवणं माझ्याकडे आलं.

तोवर नाना कापसाची प्रत ठरवणारे झाले होते, आणि बोटांची ती पारखायची सवय कानांना लागली होती. सुटीला पॅसेंजरने जळगावला जायचे, तिथल्या टेप-स्पीकरच्या दुकानात आपली कॅसेट लावायला सांगायचे आणि डोळे मिटून, चिमटीत कापूस ओढून धागा मोजावा तसे हात करत निकाल द्यायचे, "आवाजना धागा आखूड शे." जड तो चांगला म्हणून ॲम्प्लिफायर आधी स्वतः उचलून वजन बघायचे, मग दुकानदारालाही उचलायला लावायचे. तो एकदा म्हणाला, "नाना, तीन वर्षांत तुम्ही माझ्याकडून फक्त चहा घेतला."

"तो बी पानीसारखा पातयच व्हता," नाना म्हणाले.

टेपडेक आणि स्पीकर त्यांनी हळूहळू जमवले होते. उरलेल्या पैशांत प्रीॲम्प आणि ॲम्प्लिफायर दोन्ही मध्यम येत होते, किंवा दोन्हींतलं एकच, पण उत्तम. मी समजावलं की प्रीॲम्प नाजूक आवाज सावरतो, ॲम्प्लिफायर त्याला स्पीकर हलवायचं बळ देतो. एकट्याने काही वाजत नाही. नाना म्हणाले, "आधी बियानं चांगलं ल्हेऊ. वावर मंग दखू." आणि उंची प्रीॲम्प एकटाच घेऊन आले. रोज संध्याकाळी त्याचा लाल दिवा लावायचा, बटणं फिरवायची, पुसायचा. काकूने विचारलं, "हाई काय म्हनस?"

"आते काहीच नही म्हनत."

"मंग तुमनासारखंच शे."

असं दीड वर्ष चाललं. मग धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिनिंगच्या घरघरीने उजवा कान गेला आहे आणि डावाही उतरतो आहे. नानांनी मला ते पावसापाण्याची बातमी सांगावी तसं सांगितलं. मनासारख्या ॲम्प्लिफायरसाठी अजून तीन-चार वर्षं साठवावं लागणार होतं. "तवलोंग कान ऱ्हातीन का?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांनी साठले होते तेवढ्याच पैशांत धुळ्याच्या एका मिस्त्रीने पत्र्याच्या पेटीत बसवलेला ॲम्प्लिफायर आणला. उचलून बघितलासुद्धा नाही. वायरी मी जोडल्या. नाना डावा कान स्पीकरकडे करून बसले, काकू दाराशी उभी राहिली. अर्धी कॅसेट संपली. मग नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं, सगळं ऐकू ई ऱ्हायनं."

त्यानंतर चार वर्षं, कानाने साथ दिली तोवर, नानांनी आपल्या घरात, आपल्या यंत्रावर रोज गाणं ऐकलं.