आहे तसंच छापावं

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं एकाच छापखान्यात छपाईच्या प्लेटा बनवल्या. बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी, वाइनच्या बाटल्यांची लेबलं, जे काही छापायचं ते आधी त्यांच्या हाताखालून जायचं. खिशात कायम एक घडीचं भिंग. घरात कुठलाही छापील कागद आला की छपाईत रंग सरकलेत का ते बघायला आधी त्यावर भिंग टेकायचं. "माझा चेहरा सोडून जगातलं सगळं बघितलंय यांनी त्यातून," आई म्हणायची. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "तुझे रंग कधी सरकलेच नाहीत, बघायचं काय?"

माणूस मवाळ. फुशारकी एकच, पण ती भाजीवाल्यापुढेसुद्धा मारायचे: "आपलं एकही काम आजवर परत आलेलं नाही."

त्यांचं सगळ्यांत लाडकं काम म्हणजे एक वाइनचं लेबल. निळं तळं, मागे द्राक्षमळ्यांची टेकडी आणि काठावर एक उंच घंटाघर. सव्वीस वर्षं, दर वर्षी त्या मळ्याकडून तीच मागणी यायची आणि मागणीच्या कागदावर खाली हातानं लिहिलेली एक ओळ असायची: 'आहे तसंच छापावं.' त्या दिवशी बाबा घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी ती ओळ ऐकवायचे.

ते तळं मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खरं तर आई-बाबा दोघंच असे कुठेच गेले नव्हते. आधी माझी आजारपणं, मग आईचं शिवणकाम, मग माझं शिक्षण. बाबांच्या निवृत्तीला महिना उरला होता. मला नुकती नोकरी लागली होती, म्हणून एक शनिवार-रविवार गाठून मीच दोघांना तिकडे पाठवलं.

"दोन दिवस तिथे करायचं काय?" बाबा म्हणाले.

"काही नाही. तेच करायला जायचंय," आई म्हणाली. तिची पिशवी भरून तयार होती.

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं. आईच्या सांगण्यात बाबा जास्त हट्टी आहेत, बाबांच्या सांगण्यात आई जास्त बोलते. बाकी सगळं जुळतं.

सकाळी बसमधून उतरून दोघं थेट काठावर गेले. आईनं चपला काढून पाय पाण्यात सोडले. बाबांनी वहीत जपून आणलेलं लेबल काढलं आणि हात लांब करून तळ्यासमोर धरलं.

"अहो, या ना. काय गार पाणी आहे!"

बाबा एकदा लेबलाकडे बघत होते, एकदा तळ्याकडे.

"घंटाघर डावीकडे आहे," ते म्हणाले.

"असेना का."

"लेबलावर उजवीकडे आहे."

"चित्र काढणाऱ्यानं हलवलं असेल."

बाबांनी लेबल पालथं करून उन्हात धरलं. पातळ कागदातून चित्र दिसलं. घंटाघर, टेकडी, काठाचं वळण, सगळं समोरच्या तळ्याशी जसंच्या तसं जुळलं. फक्त आता अक्षरं उलटी झाली होती.

त्या काळी चित्राची फिल्म वेगळी यायची, अक्षरांची वेगळी. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर दोन्ही एकत्र चिकटवायच्या. पारदर्शक फिल्म दोन्हीकडून सारखीच दिसते, म्हणून चकचकीत बाजू कुठली आणि निस्तेज कुठली हे आधी पाहायचं. नव्या माणसाला बाबा पहिल्या दिवशी हेच शिकवत. आणि त्यांनीच चित्र पालथं चिकटवलं होतं. पुढे संगणक आले, तेव्हा तेच चित्र त्यात चढलं.

बाबा बाकावर बसले ते उठेचनात. "चल, घरी जाऊ."

"मी तळं बघायला आलेय, तुमचं तोंड नाही," आई म्हणाली. "अकरा वाजता मळा बघायला नाव नोंदवलंय."

"तिथे कुठल्या तोंडानं जाऊ? मळ्याच्या मालकांना सांगावं लागेल."

"मग सांगा. घरी पळून जाऊन कुणाला सांगणार? मला?"

मळ्याचं तळघर थंड होतं. पिंपांच्या ओल्या लाकडाचा वास भरून राहिला होता. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्या पाहुण्यांना घोट-घोट वाइन देत होत्या. बाबांनी आपला पेला औषधासारखा धरून ठेवला. बाकीचे बाहेर पडल्यावर त्यांनी लेबल पुढे केलं.

"बाई, हे मी बनवलंय. यातलं चित्र उलटं आहे. चूक माझी. महिनाभर मी अजून कामावर आहे, तेवढ्यात सरळ करून देतो."

बाईंनी लेबलाकडे पाहिलंच नाही. बाबांकडे पाहिलं.

"म्हणजे ते बाळाचे बाबा तुम्ही!"

बाबांना कळेना. आईला कळलं. तिनं पिंपावर हात टेकला.

"पहिला गठ्ठा आला त्याच दिवशी आमच्या यांच्या लक्षात आलं," बाई म्हणाल्या. "खोकी परत गाडीत चढवली. तुमच्या मालकांना फोनवर चांगलं झापलं. ते म्हणाले, पाठवा, बदलून देतो, फक्त त्या माणसाला बोल लागेल असं काही करू नका. त्याची मुलगी सातव्या महिन्यात झालीये, काचेच्या पेटीत आहे. तो तिच्यापाशी बसतो आणि तिथूनच कामावर येतो. यांनी फोन ठेवला आणि खोकी उतरवून घेतली. म्हणाले, तळ्याला काही फरक पडत नाही."

"पण नंतर तरी..."

"नंतर कोण बदलतंय? हे दर वर्षी मुद्दाम लिहायचे, आहे तसंच छापावं. आता मी लिहिते. कुणी नवा माणूस येऊन सरळ करून टाकायचा, ही भीती!"

आईला हसू आवरेना. "आणि आमच्याकडे ती शाबासकी म्हणून वाचली जायची!"

बाबा हसले नाहीत. छापखान्याचे मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. ज्यांना काही म्हणायचं ते दोघंही नव्हते. बाबांनी बाईंना हात जोडले.

"बाळ कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"बाराशे ग्रॅमची होती," आई म्हणाली. "तिनंच पाठवलंय आम्हाला इथे."

मग बाबांनी पेल्यातला घोट घेतला. "आंबट आहे," म्हणाले. आईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

ती फुशारकी त्यानंतर मी कधी ऐकली नाही. लेबल अजून उलटंच छापलं जातं.

त्या दुपारी मला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन वाजला.

"तुझं वजन किती आहे गं सध्या?" बाबा.

"हे काय विचारणं झालं, बाबा?"

"सांग तर."

सांगितलं. मागे पाण्याचा आवाज येत होता. मग फोन बाजूला धरून ते आईला म्हणाले, "अगं, छप्पन किलो!"