हिरवळीवर चालवा

डॉक्टर म्हणाले, "यांना रोज हिरवळीवर चालवा. अनवाणी. जे परत यायचं ते पहिल्या तीन-चार महिन्यांतच येतं. नंतर फार आशा ठेवू नका." एवढं बोलून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

बाहेर येऊन मी आमच्या यांना म्हटलं, "घ्या! अकोल्यात, मार्च महिन्यात, हिरवळ! हे लोक बोलताना खिडकीबाहेर तरी पाहतात का हो?"

हे हसले. अर्धंच हसू येत होतं तेव्हा, लकव्यानं डावी बाजू गेलेली. शाळेत पी.टी.चे सर होते. लग्न झाल्यापासून बाजारात जा, लग्नाला जा, हे कायम माझ्या पुढं. मी मागून ओरडायची, "अहो, हळू चाला ना, गाडी सुटून राहिली का कुठं?" त्याच माणसाच्या हातात आता चार पायांची काठी होती आणि डावा पाय फरफटत यायचा. त्या पायाला गरम-गार कळत नव्हतं. पण घरातल्या घरात चार पावलं पडायला लागली होती. मला वाटायचं, नीट जागा मिळाली तर हा माणूस चालेल.

पहिल्यांदा आम्ही घराजवळची मोठी बाग धरली. तिची कमान एवढी मोठी की नाकापेक्षा मोती जड. आत हिरवळ खरोखर होती, नाही म्हणणार नाही. पण तिच्याभोवती साखळी आणि साखळीवर पाटी, हिरवळीवर चालू नये. डॉक्टर म्हणतात चालवा, पाटी म्हणते चालू नका. चालायचं ते कडेच्या गट्टूंवरून. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे ठोकळे. दोन ठोकळ्यांच्या फटीत यांचा अंगठा अडकायचा, मग मी वाकून पाय सोडवायचा.

त्यात वेळेची भानगड. यांचं तोंड धुणं, औषधं, कपडे, रिक्षा, सगळं होईपर्यंत आठ वाजायचे, आणि आठाला चौकीदार कुलूप घेऊन उभा. "काकू, चाला आता, बंद कराचं हाये."

"बागेले काय शटर हाये का रे बाप्पा? झाडं झोपतात का दुपारी?"

"मले काय सांगता, साहेबायले सांगा."

त्याचंही खरं होतं. संध्याकाळी पाचला बाग पुन्हा उघडायची, पण दिवसभर तापलेले गट्टू सात-सात वाजेपर्यंत वाफ टाकत राहायचे. मग मी दुसरी बाग पाहिली, तिसरी पाहिली. एकीत व्यायामाच्या लोखंडी मशिनी, उन्हात अशा तापलेल्या की हात लावायची सोय नाही. एकीत कारंजं होतं, कोरडं, त्यात कुत्र्याची पिलं. एकीत तर झाड म्हणून सिमेंटचं झाड, वर सिमेंटचा पोपट. मी यांना म्हटलं, "बसा याच्या सावलीत, ज्यूस मागवते." त्या दिवशी हे हसले नाहीत. रिक्षात एवढंच म्हणाले, "कायले तरास घेतं वं तू?"

एप्रिलात लेक म्हणाली, अमरावतीला या. तिथं बागा चांगल्या आहेत, फिजिओथेरपीवालाही घरी येतो. जावईबापू गाडी घेऊन आले. मूर्तिजापूर गेलं तशी यांनी काच खाली केली आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिले. रस्ता चौपदरी झाल्यापासून कडेचे जुने निंब राहिले नाहीत. "इथं सावलीत गाडी लावून शिदोरी खाल्ली होती आपण," हे म्हणाले. मी म्हटलं, काच लावा, एसी चालू आहे.

लेकीनं आल्या आल्या बागांचा धडाकाच लावला. सकाळी तळ्याकडे, संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी. पोरगी हात धरून "बाबा, उजवा... आता डावा" असं म्हणायची, लहानपणी यांनी तिला कवायत शिकवली तशी. आठवड्याभरात यांनी आधाराशिवाय सात-आठ पावलं टाकली. मी त्या रात्री पोटभर जेवले. खूप दिवसांनी.

मग तिला कुणीतरी नव्या बागेचं सांगितलं. "आई, सगळी हिरवळ आहे म्हणे, आणि चालायला बंदी नाही!" आम्ही साडेपाचला गेलो. ऊन उतरलं नव्हतं, पण लेकीला कुठला धीर! आणि खरंच, लांबून पाहिलं तर डोळे निवतील एवढं हिरवं. तिनं स्वतः खाली बसून बाबांचे बूट काढले, मोजे काढले, आणि त्यांना मधोमध नेऊन उभं केलं. "बाबा, हिरवळ!" तिला फोटो काढायचा होता, म्हणून हे उभे राहिले. मी मागं बाकावर पिशवी सांभाळत बसलेली. यांनी उजवा पाय दोन-तीनदा उचलला. आम्हाला वाटलं, वा, उत्साह आला.

हिरवळ प्लास्टिकची होती. दिवसभर तापलेली. उजवा पाय भाजत होता म्हणून हे तो उचलत होते आणि सगळा भार डाव्यावर देत होते, ज्याला काही कळत नव्हतं. बोलले का नाहीत, ते मी नंतर विचारलं. म्हणाले, "पोरगी खुश होती वं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुसायला घेतले तर डाव्या तळव्याला तळहाताएवढा फोड. यांना साखर आहे. लेक दाराशी उभी राहून नुसती रडत होती. तिला मी जवळ घेतलं. त्या प्लास्टिक अंथरणाऱ्याला मात्र मी मनसोक्त शिव्या दिल्या. मुडद्या, तुझ्या अंगणात अंथर ते, आणि निज त्याच्यावर भर दुपारी. शिव्यांनी फोड काही बसला नाही. तो फुटला, चिघळला, ड्रेसिंग सुरू झालं. पाय खाली टेकवायचा नाही असं सांगितलं. एप्रिल गेला, मे गेला. जी सात-आठ पावलं आली होती तीही आली तशी गेली.

आम्ही अकोल्याला परत आलो तेव्हा जखम भरली होती. लांब जायची हिंमत राहिली नव्हती, म्हणून मी म्हटलं, "आपल्या कॉलनीतच चाला. ओपन स्पेसमध्ये."

आमच्याकडे प्रत्येक लेआउटमध्ये बागेसाठी म्हणून एक जागा सोडलेली असते, तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. आम्ही घर बांधलं तेव्हा आमच्या ओपन स्पेसमध्ये एक मोठा निंब होता आणि खाली गवत. हे तिथं कॉलनीतल्या पोरांना लंगडी, खो-खो खेळवायचे. मग कुणीतरी ही जागा बळकावणार अशी हवा उठली. बैठक भरली. हेच उभे राहून म्हणाले, "देव बसवा. देवाच्या जागेले कोणी हात लावत नाई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वऱ्हाडात सगळीकडे हाच उपाय, आम्ही काही वेगळे नव्हतो. निंबाखाली एक दगड मांडला, शेंदूर फासला. मग उन्हात देव कसा ठेवायचा म्हणून टिनाचं छत. मग ओटा. मग वर्गणी, सभामंडप, फरशी, जाळी. निंबाचा पाला पन्हाळीत अडकतो आणि मुळ्या फरशी उचलतात, म्हणून शेवटी निंब गेला. जागेला बाहेरच्या कुणी हात लावला नाही हे मात्र खरं.

पण सकाळची फरशी गार होती, सपाट होती, कुलूप नव्हतं. दगडापेक्षा वीट मऊ. हे जाळीला धरून देवाभोवती चक्कर मारायला लागले. एक चक्कर, मग बसणं, मग एक. येणाऱ्या बाया म्हणायच्या, "सरांची भक्ती पाहा, अशा स्थितीत प्रदक्षिणा!" हे आयुष्यात देवळात गेले नाहीत. मी मनात म्हणायची, भक्ती तर भक्ती, पाय हलू द्या.

एका सकाळी हे मागच्या बाजूला थांबले ते थांबलेच. मी जवळ गेले. खाली फरशीकडे पाहत होते.

"इथंच होता ना?"

"काय?"

"निंब."

"असंल. आता काय त्याचं?"

"मीच म्हटलं होतं, देव बसवा." जाळीवरचा हात सुटत होता, मी धरला. हे म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी मी तयार करायला गेले तर यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशीही. मी रागावले, रडले, लहान पोराला दाखवावं तसं आमिष दाखवलं. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, जेवढं यायचं तेवढं आलं आता, आहे ते सांभाळा. आता पाऊस लागला आहे. नाल्याच्या काठी, पडक्या प्लॉटात, जिथं तिथं गवत उगवलं आहे, खरं गवत, कुणी न लावलेलं. हे पलंगावर असतात.

लेकीचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. ती पहिल्यांदा पायच पाहते. काल म्हणाली, "बाबा, चालायला जाता ना?"

"जातो ना. रोज."

"अनवाणी? हिरवळ आहे का तिथं?"

"हाये ना. लय हाये. निंब बी हाये. त्याच्याच खाली चालतो."

लेक हसली. म्हणाली, "आई, दाखव ना मग उद्या, चालताना."

हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "तिथं रेंज नसते वं पोरी."